दहावीची पहिली तुकडी आणि नव्या अभ्यासक्रमाची पन्नास वर्षे

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही. परंतु ट्रस्टची पन्नास वर्षे मोजताना एक योगायोग ध्यानी आला. ज्या सुमारास आपल्या ट्रस्टचे कार्य सुरू झाले, त्याच सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा शिक्षणाचा नवा आकृतिबंध अमलात आला आणि त्याच्या पहिल्या तुकडीचा मी एक विद्यार्थी होतो. आज पुन्हा एकदा अकरावी-बारावीची रचना बदलण्याच्या गोष्टी चालू आहेत. अशा वेळी मागील बदलाचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल, या भावनेने हे लेखन करीत आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर देशातील प्रत्येक राज्यात शालेय शिक्षणाची वर्षे निरनिराळी होती. आपल्याकडे अकरावीला एस.एस.सी. होत असे. त्यालाच जुनी मंडळी 'मॅट्रिक' म्हणत. त्यानंतर महाविद्यालयाची चार वर्षे. त्यातील पहिले वर्ष पूर्वपदवीचे. सोलापूरची महाविद्यालये तेव्हा १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले.

ही विविधता दूर करण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आयोगाचा अहवाल जून १९६६ मध्ये सादर झाला आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यातील आकृतिबंध तत्त्वतः मान्य केला.

येथे एक हिशेब वाचकांनी ध्यानात घ्यावा. जुन्या पद्धतीत अकरा अधिक चार, म्हणजे पंधरा वर्षे. नव्या पद्धतीत दहा अधिक दोन अधिक तीन, म्हणजेही पंधराच. एकूण वर्षांमध्ये काहीच बदल झाला नाही. बदलले ते मधले कप्पे. अकरावी आणि पूर्वपदवी ही दोन वर्षे एकत्र करून त्यांचा 'उच्च माध्यमिक' असा स्वतंत्र टप्पा करण्यात आला. हा टप्पा म्हणजे पदवीच्या दारातील केवळ पायरी न राहता विद्यार्थ्यांना जीवनातील निरनिराळ्या वाटा दाखविणारा नाका व्हावा, ही आयोगाची अपेक्षा होती. दहावीपर्यंत सर्वांना गणित आणि विज्ञान, सोबत कार्यानुभव, आणि दहावीनंतर निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षण, असा तो विचार होता. या निम्म्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट गाठण्यासाठी आयोगाने १९८६ पर्यंतची मुदत कल्पिली होती.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पूर्वपदवीचा वर्ग महाविद्यालयांतून काढून शाळांकडे देणे आणि तो एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा करणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे आयोगाने ओळखले होते. पहिले काम १९७५-७६ पर्यंत आणि दुसरे १९८५-८६ पर्यंत व्हावे, असे त्याने सुचविले होते. म्हणजे दोन कामांमध्ये दहा वर्षांचे अंतर होते. आपल्या राज्यात दोन वर्षांचा नवा टप्पा १९७५ मध्ये एकदमच सुरू झाला, आणि तो शाळांकडे जावा हे काम तर अर्धेच झाले.

दुष्काळाच्या वर्षातील आठवी

नव्या अभ्यासक्रमाचा प्रारंभ जून १९७२ मध्ये आठवीपासून झाला. त्या वर्षी मी आठवीत गेलो. ते साल सोलापूर जिल्ह्यातील कोणीही विसरू शकणार नाही. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी तो एक. गावोगावी दुष्काळी कामे निघाली होती. खडी फोडण्याच्या कामावर माणसे जात होती. सुकडी आणि लाल मिलो हे शब्द त्या वर्षी घराघरांत पोहोचले. आमच्या वर्गातील खेड्यांतून आलेली काही मुले दिवाळीनंतर शाळेत परतली नाहीत. ज्या वर्षी वर्गातील बाके रिकामी होत होती, त्याच वर्षी आमच्या फळ्यावर नवे गणित अवतरले.

या नव्या गणितात संच, उपसंच, छेद, संयोग असे शब्द होते. घरातील वडीलधाऱ्यांना ते अपरिचित, आणि खरे सांगायचे तर गुरुजींनाही नवीनच. आमच्या गणिताच्या गुरुजींना उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवसांचे शिबिर झाले होते, तेवढीच त्यांची तयारी. परंतु त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात सांगितले, "मुलांनो, हा धडा मीही तुमच्याबरोबरच शिकतो आहे. माझे चुकले तर सांगा." वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या माणसाने असे म्हणणे सोपे नव्हते.

ते एकदा आमच्या चाटी गल्लीतील दुकानी आले असता वडिलांनी त्यांना विचारले, "गुरुजी, हे संच म्हणजे काय?" वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. गुरुजींनी फळीवरील मालाकडे बोट दाखविले. "भाऊ, तुमच्या दुकानातील सर्व नऊवारी साड्या हा एक संच. सगळा सुती माल हा दुसरा. जी साडी नऊवारीही आहे आणि सुतीही आहे, ती दोन्हींच्या छेदात." भाऊ हसून म्हणाले, "मग हे आम्ही रोजच करतो!" दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तेच उदाहरण वर्गात दिले आणि मला छेद जो समजला, तो आजतागायत विसरलो नाही.

नवा अभ्यासक्रम पुस्तकातून येत नाही, तो शिक्षकाच्या हातून येतो, आणि शिक्षकाला आजूबाजूच्या समाजाने आपले दुकान, आपला कारखाना उघडा करून दिला तर तो विद्यार्थ्याच्या मनात रुजतो, हे मला त्या प्रसंगाने शिकविले. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास याच गोष्टीच्या अभावाचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

जुनी अकरावी, नवी दहावी

मार्च १९७५ मध्ये एक अपूर्व घटना घडली. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या अभ्यासक्रमाची दहावी, अशा दोन तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसल्या. एकाच घरातील थोरला भाऊ अकरावीला आणि धाकटा दहावीला, दोघेही एस.एस.सी.चे परीक्षार्थी, असे दृश्य सोलापुरात कित्येक घरांत दिसले. आमच्या शेजारी तसे दोन भाऊ होते. धाकट्याला गुण अधिक पडले आणि थोरल्याने दोन दिवस जेवणाचे ताट बाजूला सारले, हे आजही आठवते.

समाजात गोंधळ बराच होता. बाजारात 'मॅट्रिक पास' म्हणजे अकरावी पास, हे समीकरण पक्के झालेले. दहावीला मॅट्रिक म्हणावे काय, नोकरीच्या अर्जात काय लिहावे, सोयरीक जुळविताना मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख कसा करावा, असे प्रश्न लोकांना पडत. माझ्या एका आत्याने तर भाऊंना स्पष्टच विचारले होते, "एक वर्ष कमी शिकूनही सरकार पास कसे करते?"

जून १९७५ मध्ये आम्ही अकरावीत प्रवेश घेतला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस देशात आणीबाणी जाहीर झाली. त्यामुळे नव्या आकृतिबंधाची जेवढी चर्चा वृत्तपत्रांत व सभांत व्हावयास हवी होती, तेवढी होण्यास ते वातावरण अनुकूल नव्हते.

वर्ग कोणाचा?

अकरावी-बारावीचे वर्ग कोठे भरवावेत, हा सर्वांत मोठा व्यावहारिक प्रश्न होता. महाराष्ट्रात दोन्ही मार्ग अवलंबिले गेले. काही ठिकाणी महाविद्यालयांतच कनिष्ठ महाविद्यालय हा विभाग निर्माण झाला, तर काही माध्यमिक शाळांना हे वर्ग जोडून त्यांची उच्च माध्यमिक विद्यालये झाली.

दोन्ही मार्गांत अडचणी होत्या. महाविद्यालयातील प्राध्यापकांना पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देण्याची सवय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची वही तपासणे, त्यांच्या शंका पुनःपुन्हा ऐकणे, हे काम त्यांना नवे होते. उलट शाळांमध्ये शिकविण्याचे कौशल्य होते, परंतु पदव्युत्तर पदवी असलेले शिक्षक कमी आणि प्रयोगशाळा अपुऱ्या. परीक्षा विद्यापीठाऐवजी राज्य मंडळाकडे गेली. वर्ग महाविद्यालयाच्या इमारतीत, परीक्षा मंडळाची, आणि नियम शाळेचे, अशा तिहेरी व्यवस्थेत आम्ही शिकत होतो. आम्हांला 'कॉलेज कुमार' म्हणावे की शाळकरी, हे आम्हांलाच कळत नसे.

भाषेचा प्रश्न सोलापुरात अधिक बिकट होता. आपले शहर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि गुजराती बोलणाऱ्यांचे. आपल्या समाजातही कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गुजराती, तर कोणाच्या घरी कन्नड. दहावीपर्यंत मातृभाषेत शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत जाताच सर्व विषय एकदम इंग्रजीत सामोरे येत. हुशार मुले त्या एका भिंतीपाशी अडखळलेली मी पाहिली आहेत.

मी वाणिज्य शाखा निवडली. पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय सुरू झाला, तेव्हा नामे आणि जमा यांचे नियम मी पाठ करू लागलो. एके रात्री भाऊंनी ते ऐकले आणि आपली खतावणी माझ्यापुढे ठेवली. रोजमेळात लिहिलेली रक्कम खतावणीत कशी जाते, दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी बाकी कशी काढतात, हे त्यांनी तासाभरात दाखविले. जे वर्गात दोन महिन्यांत उमगले नव्हते, ते गादीवर बसून एका रात्रीत उमगले. परंतु माझ्या वर्गातील ज्या मुलांचे वडील गिरणीत बदली कामगार होते वा शेतमजूर होते, त्यांच्यापुढे खतावणी कोणी ठेवली असेल? हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९७७ मध्ये आमची पहिली दहावीची तुकडी बारावीची परीक्षा देऊन बाहेर पडली. १९८० मध्ये मी बी.कॉम. होऊन दुकानात बसलो.

राहून गेलेला अर्धा भाग

या आकृतिबंधाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत सर्व मुलामुलींच्या वाट्याला आले. तालुक्याच्या गावी, पुढे मोठ्या खेड्यांतही, अकरावी-बारावीचे वर्ग निघाले. त्यामुळे ज्या मुलींना पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी परगावी पाठविण्यास पालक तयार नसत, त्यांची आणखी दोन वर्षे शाळेत गेली. ही फार मोठी मिळकत आहे.

परंतु कोठारी आयोगाच्या कल्पनेतील दुसरा अर्धा भाग, म्हणजे व्यवसाय शिक्षण, तो मात्र राहून गेला. प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. १९७८ मध्ये माल्कम आदिशेषय्या समितीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षणाचा विचार मांडला. त्याच सुमारास महाराष्ट्रात द्विलक्ष्यी अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९८८ च्या सुमारास किमान कौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम आले. तरीही उद्दिष्टाचा आकडा खालीच येत गेला. १९८६ पर्यंत निम्मे विद्यार्थी, ही कोठारी आयोगाची अपेक्षा होती. १९८६ चे नवे धोरण आले, तेव्हा १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के, असे उद्दिष्ट ठरले. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय, असे पुन्हा म्हटले. पन्नासावरून निघून आपण पन्नासावरच आलो, आणि यावेळी शब्द 'शिक्षण' नव्हे, 'परिचय' असा आहे.

असे का झाले? यंत्रसामग्री नव्हती, प्रशिक्षित निदेशक नव्हते, व्यवसाय अभ्यासक्रमातून पुढील पदवीकडे जाण्याची वाट अरुंद होती, आणि 'मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेला' हा शिक्का पालकांनी त्या मुलांवर मारला. ही कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु एक कारण मी माझ्या पदरचे सांगणार आहे.

१९८२ च्या सुमाराची गोष्ट. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचे एक शिक्षक आमच्या दुकानी आले. त्यांच्या विद्यार्थ्यांना विक्रयकला हा विषय होता. चार मुलांना दुपारच्या वेळी दोन-तीन आठवडे दुकानात उभे राहू द्यावे, माल कसा ओळखावा, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, बिल कसे करावे, हे पाहू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. पगार नको, चहासुद्धा नको. भाऊ त्या दिवशी परगावी होते आणि गल्ल्यावर मी होतो. मी म्हणालो, "सर, सणासुदीचे दिवस आहेत. दिवाळीनंतर पाहू." ते नमस्कार करून गेले. दिवाळी झाली, मी त्यांना निरोप पाठविला नाही आणि ते पुन्हा आले नाहीत. त्या पेठेत ते आणखी किती दुकानांच्या पायऱ्या चढले आणि किती ठिकाणी त्यांना हेच उत्तर मिळाले, हे मला माहीत नाही. मात्र त्यानंतरची चाळीस वर्षे आम्ही व्यापारी मंडळी एकत्र जमलो, की "हल्ली तयार मुलगा मिळत नाही" ही तक्रार करीत आलो आहोत. मुलगा तयार होण्यासाठी आमच्या दारात आला होता. आम्हीच त्याला परत पाठविले होते.

पुन्हा एकदा उंबरठ्यावर

त्यानंतरही अभ्यासक्रम बदलत राहिले. २०१९-२० मध्ये अकरावीची आणि २०२०-२१ मध्ये बारावीची नवी पुस्तके आली. दुर्दैव असे, की बारावीचे नवे पुस्तक उघडले, ते टाळेबंदीत. त्या वर्षीची परीक्षाच रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावी यांच्या गुणांना तीस, तीस व चाळीस असे भार देऊन निकाल लावावा लागला. आमच्या आठवीवर दुष्काळ आला, नातवंडांच्या पिढीच्या बारावीवर साथ आली. अशा संकटात ज्या घरी शिकविणारा माणूस वा चांगला फोन होता, तेथील मूल तरले. हाही इतिहास नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पाच, तीन, तीन, चार अशी नवी मांडणी आली आहे. नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा, विषय निवडण्याची अधिक मोकळीक, आणि व्यवसाय शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान, असे तिचे स्वरूप आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने जाहीर केलेल्या टप्प्यांत अकरावीची पाळी २०२७-२८ मध्ये आणि बारावीची २०२८-२९ मध्ये होती. पुढे जूनमध्ये तिसऱ्या भाषेच्या वादामुळे त्यासंबंधीचे शासन निर्णय रद्द करण्यात आले. त्यामुळे वेळापत्रक मागे-पुढे होऊ शकेल. परंतु बदल येणार, हे निश्चित.

आपले कर्तव्य

सोलापूरच्या जैन समाजाला शिक्षणकार्याची थोर परंपरा लाभली आहे. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या सुधारकांनी येथे विद्येचा पाया घातला. ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा, पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी वाढविलेली श्राविका संस्था, ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभी राहिलेली ग्रंथमाला, वालचंद आणि हिराचंद नेमचंद यांच्या नावांनी चालणारी महाविद्यालये, ही नावे कोणाही सोलापूरकराला अभिमान वाटावीत अशी आहेत. पूर्वजांनी जमीन दिली, इमारती दिल्या, ग्रंथ दिले. शास्त्रांत चतुर्विध दान सांगितले आहे आणि त्यात ज्ञानदानाचे स्थान मोठे आहे.

परंतु मागील पन्नास वर्षांचा अनुभव असे सांगतो, की इमारत देणे आपल्याला जमले, आपल्या कामाची जागा देणे जमले नाही. देणगीच्या पावतीवर आपले नाव आले. गादीवरील खतावणी मात्र आपण आपल्याच मुलांपुढे ठेवली. नव्या अभ्यासक्रमात पुस्तक शासन देईल, शिक्षक शाळा देईल. प्रत्यक्ष काम पाहण्याची जागा मात्र शासन देऊ शकत नाही. ती आपल्यापाशी आहे. आपल्यातील कोणी कापडाचे व्यापारी, कोणी टॉवेल व चादरीचे उत्पादक, कोणी गणवेश शिवून परराज्यांत पाठविणारे, कोणी चार्टर्ड अकौंटंट, कोणी औषध विक्रेते, कोणी डॉक्टर.

म्हणून ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील अशा व्यावसायिकांची एक यादी करावी, जे दरवर्षी आठ-दहा दिवस दोन-दोन विद्यार्थ्यांना आपल्या दुकानात, कारखान्यात वा कार्यालयात काम पाहू देतील आणि शिकवतील. विद्यार्थी कोणत्याही शाळेचा असो, कोणत्याही जातिधर्माचा असो. ही यादी शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांना आपण होऊन पाठवावी. शिक्षकांना पुन्हा आपल्या पायऱ्या चढावयास लावू नयेत. यास निधी लागत नाही. थोडा वेळ आणि थोडी गैरसोय सोसण्याची तयारी लागते.

त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे, अशी विनंती मी विश्वस्तांना केली आहे. सणासुदीच्या दिवसांतसुद्धा विद्यार्थी चालतील, असेही कळविले आहे. १९८२ मध्ये परत गेलेल्या त्या शिक्षकांचा निरोप मी फार उशिरा पाठवीत आहे, याची जाणीव आहे. आमच्या गणिताच्या गुरुजींना आणि भाऊंना वंदन करून हा लेख पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.